पुनव, आभाळ आणि गळाला लागणारा मासा

श्रोतेहो, नमस्कार. हरिपूरच्या संगमावर, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथे संध्याकाळी गळ टाकून बसणाऱ्या मंडळींत मी अनेक वर्षे बसत आलो आहे. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडते: "आज पुनव हाय, आज काय मासा लागायचा न्हाई." या वाक्यात तथ्य किती, हे आज आपण पाहू.

चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते. त्यावरूनच जॉन आल्डन नाइट या अमेरिकी मासेमाराने १९२६ साली चंद्राच्या स्थितीशी माशांच्या खाण्याच्या वेळा जोडायला सुरुवात केली, आणि तसली वेळापत्रके आता मोबाइलवरही मिळतात. परंतु आपल्या नदीच्या डोहात भरती अशी जाणवतच नाही. शिवाय अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही तिथींना चंद्र व सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते, म्हणून उधाण दोन्हींना असते. मासा ओढीने हलत असता, तर या दोन्ही रात्री सारख्याच जायला हव्या होत्या. जाळी लावणारे मात्र अंधाऱ्या रात्रीला झुकते माप देतात. माझ्या मते याचे उत्तर उजेडात आहे. एका पुनवेला होडीतून वाकून मी लावलेले जाळे पाहिले, तेव्हा वरच्या हातभर पाण्यात नायलॉनचा एकेक धागा लकाकत होता आणि गाठींना चिकटलेले शेवाळसुद्धा ओळखू येत होते. मला जे वरून दिसले, ते माशाला पाण्यात का दिसू नये?

रानातही हेच चालते. ससे आणि उंदीर चांदण्यात उघड्यावर यायला कचरतात, कारण शिकारी जनावराला ते दुरून दिसतात. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. आता आपण रानात जायचे ते पाहण्यासाठी. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणे बांधून प्राण्यांची नोंद होते, त्यावरून जनावरे पुनवेलाच जास्त फिरतात असा समज होतो. खरे तर उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते आणि चांदण्यात ती आपल्याला दिसतात, एवढेच त्यामागचे कारण आहे.

हवामानाचा प्रभाव मला चंद्रापेक्षा मोठा वाटतो. हवेचा दाब उतरला की मासा खायला सुटतो, असे म्हणतात. पण दाब दहा मिलिबारने उतरणे, जे आपल्याकडे मोठे वादळ आल्याशिवाय सहसा घडत नाही, म्हणजे माशाला जेमतेम दहा सेंटिमीटर वर येण्याइतकाच फरक. एवढे तर तो किडा टिपायला सहज वरखाली होतो. फरक पडतो तो आभाळ झाकोळल्याने, वाऱ्याने पाणी ढवळल्याने आणि पाण्याच्या तापमानाने. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना साडेसातच. त्यातच रात्रभर शेवाळही तो वापरत असते, म्हणून वैशाखात पहाटेच्या सुमारास साचलेल्या डोहात मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून श्वास घेताना दिसतात. तो मासा भुकेला नसतो, गुदमरलेला असतो. त्याच्यापुढे गव्हाच्या पिठाची गोळी धरली तरी तो तिला शिवत नाही. आपण मात्र घरी येऊन तिथीला बोल लावतो.

मग मृगाचा पाऊस पडतो, ओढे गढूळ होऊन वाहू लागतात आणि चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट निघतात. त्या दिवसांत चंद्र ढगाआड असतो, तरीही अंड्यांनी पोट भरलेली मादी गुडघाभर पाण्यात बांधाला धडका देत वर चढत असते. तिला पकडणे फार सोपे असते; पायाने अडवली तरी ती हातात येते. माझी कळकळीची विनंती आहे की, ते दोन-तीन आठवडे तिला जाऊ द्यावे.