सिनेमा आहे, सातबारा नाही: कल्ट चित्रपटांची डिस्क का निघत नाही?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर डीव्हीडीची रिकामी डबी.]

कल्ट चित्रपट म्हणजे मोजक्या पण कट्टर चाहत्यांनी जपलेला चित्रपट. आता हे उदाहरण बघा: 'द हार्टब्रेक किड' हा १९७२ चा अमेरिकी विनोदी चित्रपट. दिग्दर्शिका एलेन मे. त्यातल्या दोन कलाकारांना ऑस्करची नामांकनं मिळाली होती. अँकर बे या कंपनीने त्याची डीव्हीडी काढली, ती संपली, पुन्हा छापली गेली नाही, आणि पुढे वर्षानुवर्षं चाहते वापरलेल्या डीव्हीडीसाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजत राहिले. हक्क कुणाकडे होते, माहितीये? ब्रिस्टल मायर्स स्क्विबकडे. म्हणजे औषध कंपनीकडे! चित्रपट पॅलोमार पिक्चर्सने बनवला होता, आणि पॅलोमारचा संग्रह त्या औषध कंपनीच्या पदरात पडला होता.

आता चाहत्यांचा आवडता सिद्धांत असा असतो की 'कंपनी मुद्दाम दाबून ठेवतेय'. बहुतेक वेळा तसं काही नसतं. कोट्यवधी डॉलरची औषधं विकणाऱ्या घराला एका जुन्या विनोदी चित्रपटाचे काही हजार डॉलर मिळाले काय आणि न मिळाले काय. करार वाचायला वकील बसवला, तर त्याचं बिलच जास्त होईल. फाइल पडून राहते, एवढंच.

आणि ही तर सोपी केस झाली. मालक एकच, पत्ता ठाऊक. खरी गंमत पुढे आहे.

[स्क्रीनवर: सातबारा उताऱ्याचा नमुना, नावं पुसलेली.]

आपल्याकडे जमीन घेताना माणूस आधी सातबारा काढतो. खातेदार कोण, फेरफार कोणता, आणि 'इतर अधिकार'च्या रकान्यात कुणाचा बोजा आहे का, हे बघतो. चित्रपटाचा असा एक उतारा बहुतेक ठिकाणी मिळत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात हस्तांतरणाची नोंद करता येते, पण ती सक्तीची नाही. त्यामुळे १९७४ साली कुणी कुणाला काय विकलं, याचा कागद कधीकधी फक्त दिवाळखोर कंपनीच्या खोक्यात असतो. १९७८ च्या आधीच्या नोंदी शोधायच्या तर कार्डांचा जुना कॅटलॉग चाळावा लागतो. म्हणून डिस्क काढणाऱ्या कंपन्या, म्हणजे लेबलं, आधी शोध-संस्थेकडून टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली याचा अहवाल, मागवतात आणि निर्मात्यापासून आजच्या मालकापर्यंत एकेक सही जुळवत जातात. मधली एक सही सापडली नाही, की गाडी तिथेच थांबते.

वारस नोंद राहिली तर काय होतं, हे दिग्दर्शक हिचकॉकच्या 'रिअर विंडो' या चित्रपटाने दाखवलं. तो काही कल्ट चित्रपट नव्हे, पण धडा तोच. मूळ कथा कॉर्नेल वुलरिचची, १९४२ ची. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइटचं २८ वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. लेखकाने चित्रपटवाल्यांना सांगितलं होतं की नूतनीकरण झालं की तो हक्कही तुम्हालाच देईन. पण १९६८ मध्ये, नूतनीकरणाच्या आधीच, तो वारला. त्याच्या इस्टेटीचं काम बघणाऱ्या बँकेने १९६९ मध्ये नूतनीकरण केलं आणि तो हक्क शेल्डन एबेंड नावाच्या एजंटला ६५० डॉलर आणि कमाईच्या १० टक्क्यांवर दिला. चित्रपट १९८३ मध्ये पुन्हा थिएटरात आला, मग व्हिडिओवर आला, आणि एबेंड कोर्टात गेला. १९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. लेखक मधेच गेल्यामुळे त्याचं वचनही गेलं. ६५० डॉलर!

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. कल्ट चित्रपटांना सगळ्यात जास्त कुणी अडवलं असेल, तर जुन्या करारातल्या एखाद्या वाक्याने.

[स्क्रीनवर: 'टेलिव्हिजनद्वारे' हा एकच शब्द, मोठ्या अक्षरांत.]

'मीडियम कूल', १९६९, दिग्दर्शक हॅस्केल वेक्सलर. त्यात 'मेरी-गो-राउंड' नावाचं एक गाणं आहे. परवाना १९६९ मध्येच घेतला. त्यात चित्रपटगृह होतं, आणि टेलिव्हिजनही होतं, अगदी पे टीव्ही, सबस्क्रिप्शन टीव्ही आणि 'घरापर्यंत क्लोज्ड सर्किट' हे शब्द घालून. वकिलाने भविष्य बघून लिहिलंय असं वाटावं. पण शेवटी एक कलम होतं: जे दिलेलं नाही, ते सगळं आमच्याकडे राखीव. पुढे पॅरामाउंट या स्टुडिओने या चित्रपटाच्या व्हीएचएस कॅसेट काढल्या. सुमारे २,७२५ विकल्या, एकूण उत्पन्न ६९,०२४ डॉलर. गाण्याचा मालक कोर्टात गेला. १९८८ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की टीव्हीवर कुणीतरी स्टेशनवरून सिग्नल पाठवतं, तर कॅसेट माणूस स्वतः लावतो, हवी तेव्हा, हवी तितक्यांदा. त्यामुळे कॅसेट म्हणजे टेलिव्हिजन नव्हे. पॅरामाउंट हरलं.

याच्या उलट डिस्नेचा ॲनिमेशनपट 'फँटेजिया'. डिस्नेने १९३९ मध्ये संगीतकार स्ट्राविन्स्कीला ६,००० डॉलर देऊन त्याचं संगीत घेतलं. करारातले शब्द असे: 'कोणत्याही पद्धतीने, माध्यमात वा स्वरूपात' ध्वनिमुद्रण. १९९१ मध्ये व्हिडिओ आला, खटला झाला, आणि १९९८ मध्ये न्यायालयाने मान्य केलं की या शब्दांत व्हिडिओही बसतो. दोन करार, दोघांनाही कॅसेट ठाऊक नव्हती. फरक पडला तो 'कोणत्याही' या शब्दाने.

म्हणून १९६० ते ८० च्या दशकांतला, रेडिओवरच्या गाण्यांनी भरलेला चित्रपट दिसला, की लेबलवाल्यांच्या पोटात गोळा येतो. 'हेवी मेटल' हा १९८१ चा ॲनिमेशनपट केबल टीव्हीवर लागत होता, मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होत होती, पण अधिकृत कॅसेट यायला १९९६ उजाडलं. पंधरा वर्षं फक्त गाण्यांपायी.

गाण्यांचा हिशेब नीट समजून घ्या, कारण इथे भल्याभल्यांचं गणित चुकतं. एका गाण्याचे हक्क दोन असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. तो संगीत प्रकाशकाकडे असतो आणि त्याचा परवाना म्हणजे सिंक. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. तो रेकॉर्ड कंपनीकडे असतो आणि त्याचा परवाना म्हणजे मास्टर. गाणं एक, दारं दोन. एका गाण्याचे गीतकार तीन आणि त्यांचे प्रकाशक तीन असतील, तर पहिल्याच दाराला तीन कुलुपं.

[फळ्यावर आकडे लिहीत.]

समजा चित्रपटात १० गाणी आहेत. परवाने झाले २०. प्रत्येकी १,५०० डॉलर धरू: ३०,०००. समजा लेबल ३,००० डिस्क काढतंय आणि दुकानदाराचा हिस्सा जाऊन डिस्कमागे १५ डॉलर हाती येतात: ४५,०००. उरले १५,०००. त्यातून निगेटिव्हचं स्कॅनिंग, रंग जुळवणं, सबटायटल्स, डिस्कची छपाई, डबी, आणि चित्रपटाच्या मालकाची आगाऊ रक्कम. इथेच हात आखडतो.

पण खरा घोळ व्हायचाय. या परवान्यांत एक कलम बहुधा असतं, त्याला म्हणतात 'मोस्ट फेव्हर्ड नेशन'. मराठीत सांगायचं तर, पंगतीत एकाला जे वाढाल ते सगळ्यांना वाढा. १९ जण दीड हजाराला तयार झाले आणि विसावा ५,००० वर अडून बसला. त्याला ५,००० दिले, की कलमानुसार उरलेल्या १९ जणांनाही ५,००० द्यावे लागतात. ३०,००० चे झाले एक लाख. डिस्क मेली.

म्हणून अनुभवी माणूस सगळ्यात स्वस्त गाण्यापासून सुरुवात करत नाही. आधी क्यू शीट काढतो. प्रत्येक गाणं कुठे सुरू होतं, किती सेकंद वाजतं, पार्श्वभूमीला आहे की पात्र स्वतः गातंय, प्रकाशक कोण, हे सगळं त्यात असतं. पात्र गात असेल, तर गाणं बदलता येत नाही, ओठ दिसतात. दुकानातल्या रेडिओवर वाजत असेल, तर बदलता येतं. तेव्हा आधी जे बदलता येत नाही त्याच्या मालकाशी बोलायचं. तो ताणणार असेल, तर बाकीच्यांना पत्र पाठवण्यातही अर्थ नाही.

आता हद्दी, म्हणजे कुठल्या देशात हक्क कुणाचे. जॉर्ज रोमेरोचा भयपट 'डॉन ऑफ द डेड', १९७८. पैसे उभे करताना इटलीच्या दारिओ अर्जेंतोची मदत झाली आणि त्या बदल्यात इंग्रजीतर देशांसाठी स्वतःचं संकलन करण्याचा हक्क त्याला मिळाला. त्यामुळे या चित्रपटाची तीन रूपं फिरतात: अमेरिकी १२७ मिनिटांचं, अर्जेंतोचं ११९ मिनिटांचं आणि त्याहून लांब १३९ मिनिटांचं. देशागणिक हक्कदार वेगळा. ब्रिटनमध्ये सेकंड साइट या लेबलने २०२० मध्ये तिन्ही रूपांचा देखणा संच काढला, आणि तेव्हा अमेरिकेतली, म्हणजे चित्रपटाच्या मायदेशातली, २००७ ची ब्लू-रे केव्हाच संपलेली होती. बाहेरून मागवणाऱ्यांसाठी एक सूचना: ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे प्रदेश पाडलेत, आणि एका प्रदेशाचं कुलूप असलेली डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या प्लेअरवर चालत नाही. भारतातले ब्लू-रे प्लेअर सी प्रदेशाचे, ब्रिटिश डिस्क बी, अमेरिकी ए. कुलूप लावलेली डिस्क तुमच्या प्लेअरवर नुसती गरगर फिरेल. फोर-के यूएचडी डिस्कला सहसा हे कुलूप नसतं, पण त्याच संचातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं. डबीची मागची बाजू वाचा.

हक्क सगळे जुळले तरी निगेटिव्ह हवी. हक्क एकाकडे आणि डबे दुसऱ्याच्या गोदामात, असं सर्रास होतं. लॅबचं भाडं थकलं असेल, तर लॅब डबे सोडत नाही. म्हणून करारासोबत, डबे हाती द्यावेत असं लॅबच्या नावाचं परवानगीपत्रही घ्यावं लागतं. त्यावर विमा. 'एरर्स अँड ओमिशन्स' पॉलिसी, म्हणजे हक्कांवरून कुणी दावा ठोकला तर त्याची भरपाई. नेहमीचा आकडा एका दाव्याला १० लाख आणि एकूण ३० लाख डॉलर. विमावाला आधी टायटल रिपोर्ट मागतो, म्हणजे पुन्हा त्याच हरवलेल्या सहीपाशी.

भारतातल्यांसाठी दोन ओळी, कारण घरात आजोबांचा चित्रपट असलेली मराठी कुटुंबं आहेत. १९९४ ची दुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारात मुदत लिहिली नसेल, तर आपला कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं वा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दिलं गेलं असं धरत नाहीत. या दुरुस्त्यांआधीच्या कराराला मात्र हे नियम सरसकट लावू नका. तो कागद वकिलापुढे ठेवा. मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे.

आता मला सगळ्यात जास्त पटणारी केस. चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप'. लॉस अँजलिसच्या वॉट्स भागातला, विद्यापीठाचा प्रबंध म्हणून केलेला, खर्च १०,००० डॉलरच्याही आत. गाण्यांचे परवाने घेतलेच नव्हते, कारण थिएटरात लावायचा विचारच नव्हता. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचं नाव लागलं, म्हणजे देशाचा ठेवा म्हणून मान्यता मिळाली, पण कायदेशीरपणे तिकीट लावून दाखवण्याची सोय नव्हती. माइलस्टोन या छोट्या वितरकाने सहा वर्षांहून जास्त काळ गाण्यांच्या मागे घालवला. परवान्यांना दीड लाख डॉलर लागले, चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापटीहून जास्त. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने त्यात मदत केली. २००७ मध्ये चित्रपट आला.

एक गाणं मात्र मिळालं नाही. डायना वॉशिंग्टनचं 'अनफर्गेटेबल'. ते शेवटच्या, कत्तलखान्यातल्या दृश्यावर होतं. तिथे तिचंच दुसरं गाणं, आधी चित्रपटात येऊन गेलेलं 'धिस बिटर अर्थ', परत वाजवलं. २०२५ च्या नव्या फोर-के आवृत्तीत 'अनफर्गेटेबल' परत आलं.

[दोन्ही डिस्कचे शेवटचे क्षण शेजारी शेजारी, आवाज बंद.]

मेंढ्या त्याच, माणूस तोच. तुमच्याकडे २००७ ची डिस्क असेल तर विकू नका. या दोन गाण्यांनी शेवट किती बदलतो, ते ऐकायला दोन्ही लागतील.