कुंपणावरची वेल ओढू नका, आधी खोड बघा

नमस्कार मंडळी. माझ्या मागं दिसतंय ते कुंपण आहे. म्हणजे असावं, जाळी कुठं दिसतेय? आपल्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात मृग लागला की दिवाळीपर्यंत सगळ्या कुंपणांचं हेच होतं, टिळकवाडीतला बंगला असो नाहीतर येळ्ळूरच्या शिवारातली वई.

मग आपण काय करतो? वेल मुठीत धरतो आणि ताकद लावून ओढतो. वेल मधेच तुटते, मूळ जमिनीत राहतं, आणि जाळी मात्र खांबापासनं सुटून येते. तेव्हा ओढायचं नाही. आधी वेल कुठली ते बघायचं, कारण सगळ्या वेली एकाच उपायानं मरत नाहीत.

(निळं फूल जवळून)

सोपीपासनं सुरू करू. ही कर्ण्यासारख्या निळ्या फुलांची, गारवेलीच्या जातीतली. बारीक लाल फुलांची गणेशवेल तिचीच भावकी. ही एका हंगामाची पाहुणी. बुंध्याशी विळ्यानं कापा आणि आठ-पंधरा दिवस तिला हातही लावू नका. पानं झडतात, दांडे वाळतात, मग चुरलं की जाळीतनं आपोआप मोकळं होतं. फक्त हे बी धरायच्या आत करा. बोंडं वाळून फुटली की पुढच्या पावसाची पेरणी झालीच म्हणून समजा.

आता ‘कापा आणि वाळू द्या’ हेच गुळवेलीला करून बघा. फसाल.

(कॅमेरा खोडावर)

हे खोड बघा. वर कागदासारखी पातळ साल, त्यावर फोड आल्यासारखे बारीक ठिपके. नखानं खरवडलं की आत हिरवंगार. ही वेल कुणीतरी खालनं कापून तशीच सोडलीय. बुंधा सुटला, पण वरची पानं टवटवीत आहेत की! आणि हा दोरा दिसतोय? सुतळी नव्हे ती, मूळ आहे. वरच्या खोडातनं निघून खाली सोडलंय, जमिनीपासनं वीतभर राहिलंय. मातीला टेकलं की वेल पुन्हा चालू. म्हणून गुळवेल खाली कापायची, वरचे तुकडे करून त्याच दिवशी जाळीवरनं उतरवायचे आणि बुंधा मुळासकट उकरायचा. तुकडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, तिथं मूळ धरतात. पोत्यात भरून कडक उन्हात पूर्ण वाळवा.

कोरोनाच्या वर्षांत काढ्यासाठी हिचे तुकडे घरोघरी फिरले. आपण गुळवेल म्हणून मागून आणली, कानडी शेजाऱ्यांनी अमृतबळ्ळी म्हणून नेली. काढा कधीच बंद झाला, वेल आंब्याच्या शेंड्यावर पोचली. ठेवायची तर ठेवा, पण एका खांबावर.

अमरवेलीचं गणित उलटं. दुरंटा नाहीतर मेंदीच्या कुंपणावर पिवळ्या शेवया टाकल्यासारखी दिसते ती. हिच्या बुडाशी खणून काही सापडायचं नाही. बी रुजल्यावर झाडाला चिकटेपर्यंतच तिचा जमिनीशी संबंध, नंतर ते मूळ मरून जातं. मग फांदीत चूषकं खुपसून ती झाडाचा रस पिते. नुसत्या शेवया काढल्या तर सालीत राहिलेल्या भागातनं परत फुटते. म्हणून जीव घट्ट करून फांदीच कापायची, वेलीच्या थोडं खालनं. आणि बोटभर तुकडाही कुंपणावर ठेवायचा नाही. बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, त्यामुळं फुलायच्या आत कापलेलं बरं.

गुलाबी फुलांची आईस्क्रीम क्रीपर तर आपणच हौसेनं लावलेली असते. जमिनीखाली गाठी असतात तिच्या. वर कितीही छाटा, गाठ शाबूत असेल तर ती येणारच. वळवाचा पाऊस पडून माती मऊ झाली की पहारीनं गाठी काढा. आपली तांबडी माती दिवाळीनंतर अशी आवळते की खणणारा माणूसच थकतो.

औषध मारू काय, असं विचारणारे असतातच. तणनाशक वाऱ्यानं उडून शेजारच्या मोगऱ्यावर बसतं. आणि अमरवेलीवर मारलंत तर तिच्याबरोबर कुंपणही जातं. शिवाय ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कुणी वापरायचं नाही, असा आदेश केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये काढलाय. मीठ आणि डिझेल तर नकोच. वेल जाईल न जाईल, तिथली माती नक्की जाईल.

हात घालायच्या आधी काठीनं जाळी झोडपा. पावसाळ्यात त्या गारव्याला घोणस बसलेली असू शकते. आत शिंजिराचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. वेल विजेच्या खांबावर किंवा तारेवर गेली असेल तर स्वतः कोयता लावायचा नाही, हेस्कॉमला १९१२ वर फोन करायचा.

राहिली खाजकुयली. खानापूरकडं जंगलाला लागून घर असेल तर ही माहीत असेलच. तीन-तीन पानं, जांभळ्या फुलांचे लोंबते घोस. पावसाळ्यातच, शेंगा यायच्या आधी बुडातनं काढा. शेंगा वाळल्यावर त्यांची सोनेरी लव नुसत्या वाऱ्यानंही उडते. जाळू तर अजिबात नका. अंगावर पडलीच तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग भरपूर पाण्यानं धुवा. आणि ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, नाहीतर सगळं घर खाजवत बसेल.