गाठीभोवतीचं कमावलेलं कातडं

श्रोतेहो, नमस्कार.

नवी कोल्हापुरी चप्पल पायाला चावते, हे मी सांगायला नको. जनावराचं कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजून जातं. तेच बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवलं की वर्षानुवर्षं टिकतं. आतलं प्रथिन तेच, कोलॅजन. सालीतलं टॅनिन त्याचे धागे एकमेकांना जखडून टाकतं, एवढाच फरक. कातडं कमावणं ते हेच. असंच एक कमावणं कॅन्सरच्या गाठीभोवतीही चालतं. आज त्याच्याबद्दल बोलतो.

मी पॅथॉलॉजीतला माणूस. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ कापून बघायची, हे माझं रोजचं काम. स्तनाच्या काही गाठींवर सुरी फिरवली की कच्चं नासपती कापावं तशी करकर हाताला लागते. तिचीच पातळ चकती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. कॅन्सरच्या पेशी चार इथे, दहा तिथे. बाकी सगळीकडे गुलाबी तंतूच तंतू. म्हणजे बोटाला लागणारा तो कडकपणा बहुतांशी पेशींचा नसतोच, भोवतालचा असतो. शिकत असताना आम्ही त्या गुलाबी भागाकडे नाटकातल्या मागच्या पडद्यासारखं बघायचो. नट पुढे, पडदा मागे.

खरं तर लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच सांगून ठेवलं होतं. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि म्हटलं, बी चहूकडे उडतं, पण रुजतं मानवेल त्या जमिनीतच. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. डॉक्टरांना पटायला मात्र बराच काळ गेला.

आता गाठीभोवतीची ही जमीन, म्हणजे ते गुलाबी तंतू, घट्ट कोण करतं? फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन विणून बाहेर सोडतात. तिथे लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम थांबलेलं असतं. कोलॅजनमधल्या लायसिन या अमिनो आम्लाचं टोक ते बदलून टाकतं. बदललेलं टोक शेजारच्या धाग्याला चिकटतं आणि टाका पडतो. हे टाके आपल्याला हवेच असतात. नाही तर हाडं वाकतील, महारोहिणी फुगेल. 1950 च्या दशकात हाडांचे सर्जन इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेत उंदरांना बागेतल्या स्वीट पी फुलझाडाच्या बिया खायला घातल्या, तेव्हा नेमकं तेच झालं. त्या बियांतलं रसायन हे एन्झाइम बंद पाडतं, हे पुढे कळलं. विदर्भातले श्रोते लगेच लाखेच्या डाळीची आठवण काढतील. झाड त्याच कुळातलं, पण लाखेचं विष वेगळं. ते मज्जासंस्थेवर जातं.

गाठीत बिघडतं ते प्रमाण. गाठ वाढते, आत प्राणवायू कमी पडतो, आणि गुदमरलेल्या पेशी हेच एन्झाइम भरमसाट बनवू लागतात. टाक्यांवर टाके पडतात. 2009 मध्ये कॅलिफोर्नियात व्हॅलरी वीव्हर यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की ही घट्ट जमीन पेशींना इंटिग्रिन नावाच्या, पेशीवरच्या हुकांतून 'वाढा' असा इशारा देते, आणि टाके कमी पाडले की गाठींची वाढ मंदावते. शिवाय दाटलेल्या जागेत रक्तवाहिन्या चेपतात. सलाइनमधून सोडलेलं औषध गाठीच्या पोटापर्यंत पोचतच नाही.

मग औषध आलं. लायसिल ऑक्सिडेजच्या एका भावंडाला अडवणारी सिमटुझुमॅब ही अँटिबॉडी. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ती केमोथेरपीच्या जोडीला देऊन पाहिली. 2017 मध्ये निकाल छापून आला: फायदा शून्य.

मला या अपयशात यशापेक्षा जास्त शिकायला मिळालं. एक तर या एन्झाइमची भावंडं पाच. एकाला कोंडलं तरी उरलेली चार कामावर हजर. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कमावून झालेलं कातडं पुन्हा कच्चं होत नाही. औषध नवे टाके थांबवील, जुने उसवणार नाही. या रुग्णांचा आजार तर आधीच पसरलेला होता. त्यात 2014 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक धक्का बसला. गाठीभोवतीच्या फायब्रोब्लास्ट पेशीच नाहीशा केल्या, तर स्वादुपिंडाचा कॅन्सर आणखी उग्र झाला. कुंपण म्हणून त्या काही अंशी गाठीला आवरूनही धरत होत्या. तेव्हा जमीनच खरवडून काढणं हा उपाय नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये वेगळी वाट धरली गेली. लायसिल ऑक्सिडेजला काम करायला तांबं लागतं. स्तनाचा कॅन्सर पुन्हा उलटण्याचा धोका मोठा असलेल्या 75 स्त्रियांना शरीरातलं तांबं कमी करणारं टेट्राथायोमॉलिब्डेट दिलं गेलं. गाठ दिसत नव्हती, जमीन अजून कमावलेली नव्हती, तेव्हाच. निकाल आशा वाटावी असे आले. पण तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता, म्हणून मी अजून टाळ्या वाजवत नाही. आणि हो, हे ऐकून कुणी तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करू नका. तिथे रक्ताच्या तपासण्या करत, मोजूनमापून तांबं उतरवलं होतं. माठाशेजारच्या तांब्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ऑस्ट्रेलियात आता पाचही भावंडांना एकदम अडवणारं औषध तयार झालंय. स्वादुपिंडाचा कॅन्सर असलेल्या उंदरांना केमोथेरपीबरोबर ते दिलं, तेव्हा ते नुसत्या केमोथेरपीवरच्या उंदरांपेक्षा जास्त दिवस जगले. रुग्णांवर त्याची चाचणी आधी मायलोफायब्रोसिसमध्ये सुरू झाली. तो रक्ताचा कॅन्सर; त्यात हाडांतला मगज तंतूंनी भरून जातो आणि तपासणीची सुई टोचली तर आत नुसतीच कोरडी फिरते, थेंबही येत नाही.