ड्रमसेटमधून आज काय काढायचं?

(दृश्य: सदाशिव पेठ. जुन्या इमारतीचा अरुंद जिना.)

22 इंची किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, या जिन्यावरून खाली आणायचा तर दोन माणसं लागतात आणि कोपर हमखास खरचटतं. आज तो वरच राहिलाय. संध्याकाळी भरत नाट्य मंदिरात भावगीतांचा कार्यक्रम आहे. त्यामुळे सामान थोडकंच: स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ड्रम), हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी), एक सिंबल (स्टँडवरची झांज), ब्रश (काठ्यांऐवजी तारांचे झुपके) आणि पाठीवर ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रमचे पॅड).

सेट कसा लावायचा हे गाण्यांपेक्षा शेजारी बसलेला वादकच जास्त ठरवतो. भावगीताला तबला असतो, ढोलकी असते. टॉम (सेटमधले घुमणारे ड्रम) ज्या खालच्या सुरांत बोलतात, साधारण तिथेच डग्गाही घुमतो. टॉमवर जोरकस रोल मारला की तबल्याचे बोल गेलेच समजा. म्हणून टॉम घरी. किकचं काम ऑक्टोपॅडच्या एका पॅडवर भागतं, आणि त्याचा आवाज साउंडवाल्याच्या हातात राहतो. गायकांना हे फार आवडतं. ड्रमरला आवडतंच असं नाही.

(दृश्य: स्नेअरचा क्लोज-अप.)

स्नेअरच्या कडेला एक छोटा खटका असतो. खालच्या चामड्याला टेकलेल्या बारीक तारा तो ताणतो किंवा सैल सोडतो. चामडं म्हणायचं सवयीने, आता ते प्लास्टिकचंच असतं. तारा ताणलेल्या असल्या की बेस गिटारच्या एखाद्या खालच्या सुरालाही त्या आपोआप सर्रर्र वाजतात. हळुवार अंतऱ्यात हे भलतंच बोचतं. म्हणून अंतरा आला की खटका खाली, ध्रुवपद यायच्या आत पुन्हा वर. प्रेक्षकांना हे दिसत नाही, पण चुकलं तर लगेच ऐकू येतं.

(दृश्य: कोरेगाव पार्क, कॅफे.)

जॅझला किक परत येतो, पण 18 इंची. आत उशी नाही, चामडं चांगलं ताणलेलं, त्यामुळे ठोक्याला सूर असतो. ताल चालतो राइड सिंबलवर, म्हणजे ठेका धरणाऱ्या मोठ्या झांजेवर. डावा पाय हाय-हॅटवर दुसरी आणि चौथी मात्रा धरतो.

मेटलमध्ये, म्हणजे जोरकस रॉकमध्ये, हाच पाय तिथून उठतो. तो जातो डबल पेडलवर, कारण एकाच किकवर दोन्ही पायांनी वाजवायचं असतं. मग डावीकडची हाय-हॅट मिटून धरायला पायच उरत नाही. उपाय म्हणून उजवीकडे आणखी एक हाय-हॅट, कायमची मिटलेली. किकमध्ये आता उशी कोंबलेली असते. आवाज लगेच तुटला नाही तर भराभर पडणाऱ्या ठोक्यांचा नुसता गडगडाट होईल.

(दृश्य: मोकळं मैदान, चार-पाच बँड, सेट एकच.)

अशा ठिकाणी ड्रम आयोजकांचे. ड्रमर आपापली स्नेअर, सिंबल आणि पेडल घेऊन येतो. सेटखाली सतरंजी हवीच, नाहीतर किक पुढे सरकत जातो. त्या सतरंजीवर स्टँडच्या पायांच्या जागी रंगीत टेपचे तुकडे चिकटवलेले असतात, प्रत्येक ड्रमरचा रंग वेगळा. दोन बँडच्या मधल्या काही मिनिटांत स्टूल आपल्या उंचीला आणायचं, टॉमचा कोन बदलायचा आणि साउंडवाल्याला अंगठा दाखवायचा.

डावखुरा ड्रमर आला की मात्र सगळा सेटच उलटा फिरवावा लागतो, माइकसकट. शहाणे आयोजक त्याला पहिलाच लावतात.