गल्ली संध्याकाळी सहाला बघा

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिलमध्ये माझ्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. "मावशी, बेळगावला नोकरी मिळाली. उद्यमबागेत, औद्योगिक वसाहतीत. घर बघायचंय, पोरांच्या शाळा बघायच्यात. कुठला एरिया चांगला?"

मी विचारलं, "कशासाठी चांगला?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे आपली माणसं असतील असा. पण सगळी आपलीच नकोत. पोरं चार तऱ्हेच्या लोकांत वाढायला पाहिजेत." आणि मग आवाज खाली आणून, "मावशी, तिकडं मराठी माणसाला घर देतात ना?"

मला हसू आलं, पण त्याचं काही चुकलं नव्हतं. पुण्यात बसून बेळगाव दिसतं ते टीव्हीवर, आणि टीव्हीवर बेळगाव येतं ते एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, नाहीतर एखाद्या बसला काळं फासलं की. आमचा सीमावाद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. १९५६ पासून तो आमच्या घरात जेवणाच्या पाटावर बसलेला आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मधूनच भडका उडतो, कोल्हापूरची एसटी निपाणीच्या अलीकडंच थांबते आणि चार दिवसांनी परत सुरू होते. पण घरमालक भाडेकरू बघतो तेव्हा त्याला सीमावादावर नेमलेला महाजन आयोग आठवत नाही. भाडं पाच तारखेच्या आत येईल काय, एवढंच त्याच्या मनात असतं.

खोच असते ती दुसरीकडं. मी आणि आमचे हे, आम्ही या गावात चार घरं बदलली. एकदा फोनवर सगळं ठरलं, डिपॉझिटसुद्धा ठरलं, आणि शेवटी त्या गृहस्थांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, घर पाहुण्यांना द्यायचं ठरलंय. ते मराठीच होते. "तुमच्याकडं मांस-मच्छी चालतं काय" हा प्रश्न तर इथं कन्नडमध्येही विचारतात आणि मराठीतही. म्हणून भाच्याला सांगितलं, "भाषेची काळजी सोड. कुठल्या गल्लीत आडनाव विचारतात आणि कुठल्या गल्लीत आधी चहा विचारतात, तेवढं बघून ये."

पण घराच्या आधी पोरांची इयत्ता. मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळं माझं डोकं तिकडंच आधी जातं. त्याचा बेत असा होता की यंदा आपण एकट्यानं यायचं, कुठंतरी खोली घेऊन राहायचं आणि बायकापोरांना पुढच्या जूनला आणायचं. मुलगी तेव्हा पाचवीतून सहावीत जाणार होती, मुलगा पहिलीत. मी म्हटलं, "अजिबात नको. यंदाच्या जूनलाच सगळ्यांना आण."

कारण असं आहे. उद्या त्या पोरीला कर्नाटकाच्या सीईटीतून इंजिनीअरिंगची सरकारी कोट्यातली जागा पाहिजे असली, तर सर्वसाधारण नियम म्हणजे पहिली ते बारावी या काळात किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेली असावी लागते, आणि दहावी किंवा बारावी इथून पास व्हावी लागते. आता बोटं मोजा. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, मग पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं. बरोबर सात. एक वर्ष उशीर केला की सहाच भरतात. पालकांच्या शिक्षणावरून वगैरे पात्रता मिळण्याचे आणखी मार्ग आहेत, पण त्या कागदांच्या मागं कशाला लागायचं? सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रातही व्यावसायिक अभ्यासक्रमांना काही जागा राखलेल्या आहेत, तो दरवाजा वेगळा. पण हातातला दरवाजा आपणच का लावून घ्यायचा?

भाचा म्हणाला, "मावशी, ती अकरा वर्षांची आहे, आत्ताच सीईटी?" बरोबर आहे त्याचं. पण घर बदलायची तारीख एकदा हुकली की हुकली.

दुसरी गोष्ट कन्नडची. कन्नड शिकवण्याचा कायदा २०१५ साली झाला आणि २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला. सीबीएसईची शाळा असो नाहीतर आयसीएसईची, कन्नड सुटत नाही. मुलगा पहिलीत, त्याला काही कळणारसुद्धा नाही, तो अक्षरं गिरवत गिरवत शिकेल. पोरीला मात्र सहावीत एकदम कन्नड वाचायचं म्हणजे घाम फुटणार. मग तिला ऐकायला कुठं मिळेल? शिकवणीत एक तास, आणि गल्लीत? म्हणूनच घर कुठं घ्यायचं हा प्रश्न शाळेपेक्षा मोठा ठरतो. निव्वळ मराठी गल्लीत राहिलात तर पोरगी कन्नडमध्ये नापास होईल, असं मी भाच्याच्या बायकोला चक्क घाबरवलं. तेवढं खरं नाही. पण थोडं आहे.

किरकोळ फरकही ध्यानात ठेवा. शाळा इथं मेच्या अखेरीस नाहीतर जूनच्या सुरुवातीलाच भरतात, महाराष्ट्रापेक्षा पंधरा दिवस आधी. मोठी सुट्टी दसऱ्याला असते आणि दिवाळीला चारच दिवस, त्यामुळं पुण्याच्या आजीचं सगळं गणित कोलमडतं. दहावीचा निकाल इथं वर्षानुवर्षं ६२५ पैकी सांगत आलेत, तेव्हा पाहुण्यांना लगेच टक्केवारी सांगायची, नाहीतर ते घाबरतात. आणि महाराष्ट्रातून शाळा सोडल्याचा दाखला आणताना त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची सही-शिक्का घेऊन या. मागाहून त्या एका सहीसाठी पुण्याला हेलपाटा घातलेले पालक मी पाहिलेत.

शनिवारी तो आणि सूनबाई आले. आम्ही रिक्षा ठरवली आणि गाव हिंडलो.

पहिल्यांदा कँप. सूनबाईला कँप बघताक्षणीच आवडला. मोठी झाडं, शांत रस्ते, चर्चची घंटा. सेंट पॉल्स शाळा १८५६ सालची, बेनन स्मिथ तर त्याहून जुनी, १८३२ची. आणि शेजार म्हणाल तर मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी, तमीळ, सगळं दोन रस्त्यांत. पोरांना चार तऱ्हेची माणसं पाहिजेत तर ती इथं आहेत. पण लष्कराची हद्द, नवं बांधकाम होत नाही आणि भाड्यानं घर मिळणं म्हणजे नशीब. शिवाय उद्यमबाग गावाच्या दुसऱ्या टोकाला.

टिळकवाडी. तिथं आले की पुण्याच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, सगळ्या पेठा आहेत की! १९२४ला काँग्रेसचं अधिवेशन इथंच झालं, गांधीजी अध्यक्ष होते, ती काँग्रेस विहीर मी त्यांना दाखवली. आरपीडी कॉलेज जवळ, शाळा चालत जायच्या अंतरावर. पण सूनबाईच म्हणाली, "मावशी, हे तर सदाशिव पेठेतून उठून सदाशिव पेठेतच आल्यासारखं झालं." आणि रेल्वे गेट. शाळेच्या वेळेला गेट पडलं की स्कूटरवर मागं बसलेलं पोर दप्तरातून डबा काढून खायला लागतं.

सदाशिवनगर, हनुमाननगर, सह्याद्रीनगर, कुवेंपूनगर हा भाग गावाच्या वरच्या अंगाला. मोठी घरं, डॉक्टर, अधिकारी. चांगला आहे, पण फाटकं बंद असतात. महांतेशनगर, रामतीर्थनगर हायवेच्या बाजूला, बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, आखीव वसाहती, कन्नड जास्त. पोरीची भाषा तिथं सहा महिन्यांत सुधारली असती, पण तिथून उद्यमबाग लांब.

हिंडलगा आणि गणेशपूर मला स्वतःला फार आवडतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं निवृत्त झालेले कितीतरी सुभेदार तिकडं घर बांधून राहिलेत. पहाटे पाचला सगळी गल्ली फिरायला बाहेर. पण ज्यांना घर विकत घ्यायचंय त्यांनी तिथं उतारा नीट बघावा. जागा महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत, एनए, म्हणजे बिनशेती, झालीय काय, पाणी कुणाचं येतं. आमच्याकडं राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं. २००८ पासून गावातल्या काही वॉर्डांत चोवीस तास नळाला पाणी आहे आणि शेजारच्या वॉर्डात बायका अजून पाण्याचा दिवस मोजतात. एकाच गावात रस्ता ओलांडला की असा फरक. त्यामुळं घर बघायला गेलात की मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा.

शहापूर-वडगावला मी मुद्दाम नेलं. शहापूर म्हणजे १९४८ पर्यंत सांगली संस्थानचं, चिंतामणराव हायस्कूलचं नाव तिथूनच आलं. साड्यांची दुकानं, सोनार, आणि वडगाव-खासबागला विणकर. घराघरातनं मागाचा आवाज, त्यात आई एका भाषेत हाक मारते आणि पोर दुसऱ्या भाषेत ओ देतं. हा शेजार कुठल्या जाहिरातीत सापडणार नाही. पण २०१९च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी त्या बाजूला कसं घुसलं ते मला आठवतं. नाल्याकाठची घरं स्वस्त दिसली तर भिंतीवरचा डाग कुठवर आहे ते बघून घ्यावं.

शेवटी अनगोळ आणि भाग्यनगर. अनगोळ हे मुळात शेतकऱ्यांचं गाव, शहर त्याच्या अंगावर चढत गेलं. जुन्या गल्लीत अजून म्हशी बांधलेल्या, आणि पलीकडं भाग्यनगरात प्राध्यापक, बँकवाले, हुबळी-धारवाडकडनं आलेले. उद्यमबाग दहा मिनिटांवर. भाचा लगेच म्हणाला, "हेच." मी म्हटलं, "थांब. दुपारचे तीन वाजलेत. तीनला सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात. सहाला परत येऊ."

तोवर शाळा बघितल्या. एका ठिकाणी कचेरीतल्या बाईंनी फीचा कागद पुढं सरकवला आणि म्हणाल्या, वर्ग नंतर दाखवू. आम्ही नमस्कार करून उठलो. दुसऱ्या शाळेत हेडमास्तरांनी स्वतः नेऊन ग्रंथालय दाखवलं. कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली त्यांच्या खिशात होती आणि पुस्तकांवर पोरांच्या बोटांचे डाग होते. मला तेवढं पुरलं. मग विचारलं, बाहेरून आलेल्या मुलांना कन्नडसाठी काय करता? त्यांनी एका बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "पहिले तीन महिने मी नव्या पोराला दुसऱ्या पोरांच्या शेजारीच बसवते, माझ्याजवळ नाही."

मुलगा मराठी शाळेत घालावा असं मला वाटत होतं, सांगूनही बघितलं. माध्यम निवडायचा हक्क पालकांचा आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ सालीच कर्नाटकाच्याच खटल्यात सांगून ठेवलंय, तेव्हा मावशीचा काय पाड! आमच्या सरकारी मराठी शाळांत पट कमी होत चाललाय आणि शिक्षक पुरेसे नाहीत, हेही मी लपवलं नाही. जिथं शिक्षक टिकून आहेत आणि एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीचे, पालक महिन्याला खरंच जमतात, तिथं मात्र पोर सोन्यासारखं शिकतं. नवरा-बायको रात्री त्यावर भांडले. शेवटी दोघांनाही एकाच इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं, पोरीनं भावाला हात धरून न्यायचं म्हणून.

सहाला अनगोळात परत गेलो. गल्लीच्या तोंडाशी पोरं क्रिकेट खेळत होती. आउट-नॉटआउटचं भांडण मराठीत सुरू झालं, शिव्या कन्नडमध्ये गेल्या आणि निकाल कोपऱ्यावरच्या टेलरकाकांनी उर्दूत दिला. घरमालकीणबाई दारात होत्या. "बर्री, कूडरी," म्हणाल्या, आणि सूनबाईचा चेहरा बघून लगेच, "या की, बसा की." चहा आला. आडनाव त्यांनी तेव्हा विचारलंच नाही, करार करताना विचारलं.

जूनमध्ये ते राहायला आले. पोरीला पहिल्या कन्नड चाचणीत पंचवीसपैकी सात मिळाले. सूनबाईनं मला फोन करून ऐकवलं, जणू मीच पेपर तपासला होता. आता ती मालकीणबाईंकडं रोज अर्धा तास जाऊन बसते. अभ्यासाला नाही, त्या भाकरी थापतात तिथं. परवा तिनं मला फोनवर "ऊट आत?" म्हणून विचारलं, म्हणजे जेवण झालं काय.

सूनबाईचं आधार इथल्या पत्त्यावर झालं, त्यामुळं २०२३ला सुरू झालेल्या, बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट तिला मिळतं. ती कौतुकानं ती तिकिटं पर्समध्ये साठवते. भाच्याच्या गाडीचा नंबर मात्र अजून एमएचच आहे. आरटीओचं काम रोज उद्यावर जातंय. मी त्याला म्हटलं, "वर्ष व्हायच्या आत कर हं." तो म्हणाला, "होय की मावशी, करतो की."

नमस्कार.