मशीनच्या तळाला काय अंथरलंय?

नमस्कार श्रोतेहो. कोंबडीची अंडी 21 दिवसांनी फुटतात, अंडी उबवायचं मशीन साडेसदतीस अंशावर ठेवायचं, हे तुम्हाला पाठ आहे. आज बोलायचंय ते मशीनच्या तळाबद्दल. पिल्लू बाहेर येतं, पहिला पाय टेकतं, तो तळ.

माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगते. थर्माकोलच्या पेटीचं मशीन, 30 अंडी. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं आणि तळाला छान पेपर अंथरला. पेपर म्हणजे रविवारची पुरवणी. हल्ली त्यात बातमी कमी आणि गुळगुळीत जाहिराती जास्त. एकविसाव्या दिवशी 22 पिल्लं निघाली. मी खूश! दुसऱ्या दिवशी बघते तर तिघांचे पाय बेडकासारखे दोन्हीकडे फाकलेले. उठायला जातात आणि पोटावर पडतात. मला वाटलं कॅल्शियम कमी पडलं. पर्स घेऊन औषध आणायला निघालेच होते, तेवढ्यात सासूबाई परसातून आल्या. पेटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाय, कोंबडी कधी घोटीव फरशीवर खुडूक बसल्याली बघितलीस का?"

औषध राहिलं बाजूला. पाय फाकले होते ते गुळगुळीत पेपरावर घसरून. त्यांनी जुन्या नऊवारीची बोटभर रुंद पट्टी फाडली, पिल्लाचे दोन्ही पाय अंगाखाली सरळ आणले आणि मध्ये जरा अंतर सोडून सैलसर बांधले. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तर दोघं तुरूतुरू चालायला लागली. तिसरं मात्र राहिलं नाही.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी स्वतः गोणपाट अंथरलं. पाय एकाचाही फाकला नाही, पण एका पिल्लाचं नख सुतळीत गुंतलं! "आता सांगा," म्हटलं मी. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी सुई-दोरा घेऊन गोणपाटाच्या कडा शिवत बसल्या होत्या.

तर, पाय घसरणार नाही असं खरखरीत हवं, पण धागे सुटलेले नकोत. कपाटाच्या खणात घालायची रबरी जाळी मिळते, ती मापानं कापून घाला. धुऊन पुन्हा वापरता येते. जाळीची भोकं मोठी नकोत, पाय अडकतो. आतली हवा दमट राहावी म्हणून ज्यात पाणी भरतो त्या खाचा उघड्या नकोत, ओलं पिल्लू त्यात बुडतं. आणि प्रत्येक खेपेनंतर तळ धुवा, उन्हात वाळवा. टरफलं, लव, घाण तशीच राहिली तर नव्या पिल्लाची बेंबी पिकते.

पुन्हा सांगते, खरखरीत, पण धागे नकोत. आणि हे सगळं अठराव्या दिवशीच. नंतर झाकण उघडायचं नाही. मोबाईलवर शूटिंग करायला झाकण उचलणाऱ्यांना मी घरात घेतच नाही, मग तो सख्खा भाचा का असेना. आतली वाफ निघून गेली की अंड्यातला पापुद्रा सुकून पिल्लाला आवळतो. फुटलेल्या पिल्लांच्या खाण्याची काळजी नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. अंग वाळून फुलू द्या, मग बाहेर घ्या.

ज्यांचा आज अठरावा दिवस असेल, त्यांनी आता रेडिओचा आवाज जरा मोठा करून उठा. बातम्या लागायच्या आत जाळी घालून, पाणी भरून झाकण लावून होईल. नमस्कार.