डबा रिकामा का आहे, ते आधी विचारा

नमस्कार. समोर शिक्षिका आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, आशाताई आहेत, मागे दोन-तीन डॉक्टर पण दिसतायत, म्हणजे ठाण्यात मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं, की घरच्यांनंतर ज्यांना पहिलं कळतं तीच माणसं आज इथे आहेत. त्यामुळे सरळ मुद्द्यावर येते: मुलाची आबाळ गरिबीमुळे होतेय की दुर्लक्षामुळे, हे कसं ओळखायचं.

मूल शाळेत येतं, कपडे मळके, डबा नाही, बोटांच्या बेचक्यात खरूज. आपण मनात लिहून मोकळे, आईचं लक्ष नाही. अहो पण आई सकाळीच कामासाठी नाक्यावर जाऊन उभी राहते, वस्तीत पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, आणि खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं नाहीतर ती परत येतेच. आपण एक ट्यूब दिली, एकाच पोराला, मग खरूज परत आली तर त्यात चूक आईची कशी?

मी एकच गोष्ट बघते. मदत खरोखर हातात पोचल्यावर घर काय करतं? नुसतं ‘सांगितलं होतं’ याला मी मदत धरत नाही.

समजा मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली आहे, मोजपट्टी लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, पोषण पुनर्वसन केंद्रात दोनेक आठवडे ठेवायला सांगितलं आणि आई नाही म्हणाली. रजिस्टरला काय जातं? ‘पालकांचा नकार’. संपलं. कुणी विचारलं का की घरी दुसरं लेकरू कुणाकडे ठेवणार, एवढ्या दिवसांचा रोज बुडाला तर भाडं कुठून देणार? बुडीत मजुरीचे पैसे मिळतात हे तिला कुणी सांगितलं? हे सगळं झालं, धाकट्याची सोय झाली, सोबत जायला आशाताई दारात उभी आहे, आणि तरीही रोज नवीन कारण आणि पोर वाळत चाललंय, तर मात्र ती गरिबी नाही, तिथे मग थांबायचं नाही.

आता कुलूपाची गोष्ट. आई बाहेर, लहान पोरं आत, दाराला बाहेरून कुलूप. धोका खराच आहे, आग लागली तर काय, ते मी अजिबात सोडून देणार नाही. पण नवी मुंबईत एवढे टॉवर उभे राहतायत, 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानेच सांगितलं होतं की पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली पाहिजे. अशी खोली तुम्ही किती साईटवर बघितलीय? तक्रार करायचीच तर आधी ठेकेदाराची करा ना.

आणि उलटं पण असतं हां. घोडबंदर रोडला मोठा फ्लॅट, खाली दोन गाड्या, मुलाला डायबिटीस आणि इन्सुलिनचे डोस चुकतायत कारण घरात कुणाला वेळ नाही. हे खरं दुर्लक्ष, पण तिथे आपली जीभ उचलत नाही, कारण वडील इंग्लिशमध्ये बोलतात.

कायदा थोडक्यात सांगते. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम 19, कळवायचंच, घर गरीब की श्रीमंत हा प्रश्नच नाही. हरवलेलं, टाकलेलं, कुणी नसलेलं मूल हातात आलं तर बाल न्याय कायद्याचं कलम 32, चोवीस तासांत कळवायचं. मारहाणीच्या खुणा असतील तर मदतीची वाट बघत बसायचं नाही. पण दुर्लक्षाचा गुन्हा, कलम 75, तिथे ते जाणूनबुजून केलेलं असावं लागतं. आणि पालक सांभाळायला असमर्थ आहेत हे ठरवायचं काम बाल कल्याण समितीचं, तुमचं-माझं नाही. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्याच कायद्याच्या तत्त्वांमध्ये लिहिलंय.

अमेरिकेत शिक्षक-डॉक्टरांवर कळवण्याची सक्ती आपल्यापेक्षा खूप जुनी आहे, आणि तिथे सिद्ध झालेल्या प्रकरणांत बहुतेक मुलं दुर्लक्षाची. शेवटी कॅलिफोर्नियाने 2023 पासून कायद्यात स्पष्ट घातलं की पालकांची आर्थिक अडचण म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आपण कायद्यात तसं लिहून यायची वाट कशाला बघायची?

समितीकडे गेलं म्हणजे मूल काढूनच नेतात असंही नाही. आई विधवा असेल, नवऱ्याने सोडलं असेल, तर मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला 4,000 रुपये मिळू शकतात, शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 96,000. कागद जमवताना आईची दमछाक होते, तेवढं फॉर्म भरायला कुणीतरी शेजारी बसा.

आणि कळवायचंच ठरलं तर ‘आई बेजबाबदार’ असलं काही लिहू नका. काय दिसलं, कोणत्या तारखेला, मुलाचं वजन किती, काय मदत दिली, ती पोचली का, त्यावर घरचे काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. मूल आत्ता धोक्यात असेल तर कागद नंतर, आधी 1098, म्हणजे मुलांची हेल्पलाईन, लावा, रात्री पण लागतो. चला, प्रश्न विचारा, मागच्या डॉक्टरांपासून सुरू करू.